तेरा क्रमांकाचं अक्षर

२०२१ च्या जानेवारीत गोरेगाव तालुक्यातल्या एका राइस मिलच्या कॉम्प्युटरवर '२०२१' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. विंडोज एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर ठेवू देत नाही, त्यामुळे ते दृश्यच विचित्र होतं. नीट निरखलं तर एकाच्या नावामागे एक बारीक चौकोन होता. वजनकाट्यावर बसणाऱ्या मुलाला वाटलं, व्हायरस शिरला. उघडून बघायचीही त्याला भीती वाटली. त्याने तो चौकोनवाला फोल्डर उडवला आणि खबरदारी म्हणून रिसायकल बिनही रिकामा केला. मिलला नऊ दिवसांत आलेल्या धानाच्या सगळ्या काटा पावत्या त्या फोल्डरमध्ये होत्या.

तो चौकोन व्हायरसचा नव्हता. माझा होता.

लॉकडाउनमुळे मी तेव्हा पुण्याची खोली सोडून गोंदियाला घरी आले होते आणि जेवणाच्या टेबलावरून कंपनीचं काम करत होते. मिलमालक बाबांच्या ओळखीचे. काट्याचं सॉफ्टवेअर दर गाडीमागे एक छोटी फाइल तयार करायचं. रोज संध्याकाळी त्या फाइली गोळा करून कोणत्या शेतकऱ्याचं किती धान आलं याची बेरीज हवी होती. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. मला युनिक्सचं शेल येत होतं, मिलचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा होता. मग युनिक्सची स्क्रिप्ट विंडोजवर चालवायची, एवढंच. इंटरनेटवरून सिगविन नावाचं साधन उतरवलं, कमांड प्रॉम्प्टमधून स्क्रिप्टला हाक मारणारी दोन ओळींची बॅट फाइल लिहिली आणि तिचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवलं. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची, अक्षरं धावायची, रिपोर्ट तयार व्हायचा. दोन महिने सुरळीत चाललं.

नवीन वर्ष लागलं तसं काट्यावरच्या मुलाने सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, कारण तिच्यात साल बदलायचं असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. २०२० चं २०२१ केलं. फाइलमधल्या सगळ्या ओळी त्याला एकाच लांब ओळीत चिकटलेल्या दिसल्या, म्हणून शेवटी एकदा एंटर दाबून त्याने फाइल सेव्ह केली. त्या एका एंटरमुळे सालाच्या आकड्याला एक न दिसणारं अक्षर चिकटलं. संगणकाच्या अक्षरमालेत त्याचा क्रमांक तेरा.

पुढचे कित्येक दिवस मी या तेराच्या मागे होते. सुरुवातीला चूक शोधण्यासाठी, नंतर नुसत्या कुतूहलापोटी. त्याचा माग काढत गेले तर तो थेट छापखान्याच्या खटखटाटापर्यंत आणि शेवटी आमच्या गोंदिया स्टेशनपर्यंत आला.

एका दांडीची दोन कामं

तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेले टंकलेखक ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. ओळ संपली की घंटी वाजते आणि टंकलेखक डाव्या हाताने एक दांडी ढकलतो. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात: कागद एका ओळीने वर सरकतो आणि कागद धरणारा गाडा पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो. हाताला ती एकच हालचाल वाटते.

टेलिप्रिंटर आला तेव्हा ही दोन कामं वेगळी झाली. तारेवरून येणाऱ्या संदेशाने यंत्र चालवायचं तर प्रत्येक कामाला स्वतंत्र खूण हवी. १९६३ साली अमेरिकेत अ‍ॅस्की ही अक्षरमाला ठरली तेव्हा 'गाडा परत आण' याला तेरा आणि 'कागद एक ओळ सरकव' याला दहा क्रमांक मिळाला. त्याच सुमारास आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. उजव्या टोकाचा छपाईचा गाडा डावीकडे यायला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी तेरा पाठवायचा आणि गाडा परतत असताना दहा. तोवर पुढचं अक्षर छापायची वेळ येई. म्हणजे दोन खुणांमागे यंत्राच्या वेगाचा साधा हिशेब होता.

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं तेव्हा हीच टेलिटाइप यंत्रं त्यांच्यासमोर होती. पण फाइलमध्ये यंत्राचा हिशेब कशाला ठेवायचा, असा विचार त्याआधीच्या मल्टिक्स या प्रणालीने केला होता. तिथे ओळीच्या शेवटी फक्त दहा लिहायचे. छापायची वेळ आली की यंत्र हाताळणारा प्रोग्राम तेरा स्वतः घालायचा. युनिक्सने तीच पद्धत उचलली.

छोट्या कॉम्प्युटरची वाट वेगळी होती. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉलने घडवलेल्या सीपी-एम या प्रणालीने डेक कंपनीच्या यंत्रांवरची तेरा-दहाची जोडी कायम ठेवली. १९८० साली टिम पॅटर्सनने सीपी-एमच्या वळणावर एक प्रणाली लिहिली, मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून जगभर गेली. तेरा-दहाची जोडी तिच्यासोबत गेली. डॉसमागून विंडोज आलं, त्यातही ती राहिली.

मिलच्या कॉम्प्युटरवर माझी फाइल एका ओळीत चिकटलेली दिसली ती यामुळे. मी लिनक्सवर लिहिलेल्या ओळींमागे नुसते दहा होते आणि विंडोज ७ च्या नोटपॅडला तेरा दिसल्याशिवाय ओळ संपली असं वाटतच नसे. मुलाने एंटर दाबला तेव्हा नोटपॅडने इमानाने तेरा आणि दहा असे दोन्ही लिहिले. सिगविनच्या शेलने युनिक्सच्या रीतीने दहाला ओळ संपवली आणि उरलेला तेरा सालाचाच भाग समजला. साल झालं '२०२१ आणि तेरा'. त्या नावाचा फोल्डर नव्हता, म्हणून स्क्रिप्टने तो तयार केला. विंडोजला नावात तेरा चालत नाही, म्हणून सिगविनने त्याच्या जागी युनिकोडच्या खासगी वापराच्या भागातलं एक अक्षर ठेवलं. तोच चौकोन. शेजारचा '२०२१' हा रिकामा फोल्डर त्या मुलाने १ जानेवारीला हाताने तयार केला होता. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर काम केलं होतं आणि नऊ दिवसांचं धान गायब झालं होतं.

तीन गेजचं गाव

माझे आजोबा गोंदियाच्या यार्डात हमाल होते. त्यांच्या कामाला घरात 'पलटी' म्हणत. छोट्या गाडीतून आलेला माल उतरवायचा आणि मोठ्या गाडीत चढवायचा, पाठीवरून.

गोंदियाला हे का करावं लागे, ते या स्टेशनच्या जन्मातच आहे. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८० च्या सुमारास इकडे आली ती मीटरगेजवर. रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटर. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेतला आणि तो उखडून १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज केला. कारण नागपूरला मुंबईकडून येणारा रूळ ब्रॉडगेज होता आणि पुढे हावड्यापर्यंत सलग जायचं होतं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यातून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा फाटा निघाला, तो नॅरोगेज: ७६२ मिलिमीटर. डोंगरात वळणं तीव्र घेता येतात, खर्च कमी होतो. तिन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे होते. पण जिथे दोन रूळ भेटतात तिथे डबा पुढे जात नाही. तिथे माणसं लागतात.

विंडोजवर युनिक्सची स्क्रिप्ट चालवण्याचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे या पलटीचाच इतिहास आहे. दोन्हीकडचे निर्णय शहाणपणाचेच होते, आणि यार्डात कोणीतरी सतत ओझी वाहत होतं.

तेरा आणि दहा हा यातला सगळ्यात लहान फरक. दुसरा फरक तिरक्या रेघेचा. युनिक्समध्ये फोल्डरची वाट / या रेघेने लिहितात, विंडोजमध्ये \ या उलट्या रेघेने. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. सरळ रेघ तेव्हा आज्ञेचे पर्याय सांगायला वापरात होती. १९८३ मध्ये डॉस २ मध्ये फोल्डर आले तेव्हा ती जागा भरलेली होती, म्हणून उलटी रेघ घेतली गेली. यातली गंमत अशी की फोल्डरांची ही कल्पना मायक्रोसॉफ्टने युनिक्सवरूनच उचलली होती. इतकंच काय, तेव्हा मायक्रोसॉफ्ट स्वतः युनिक्स विकत होती. एटी अँड टीकडून परवाना घेऊन १९८० साली जाहीर केलेल्या तिच्या युनिक्सचं नाव होतं झेनिक्स. डॉस आणि झेनिक्स पुढेमागे एकमेकांजवळ येतील असा बेत होता. तो राहून गेला.

तिसरा फरक जन्माचा. युनिक्समध्ये नवा प्रोग्राम सुरू करायचा तर चालू प्रोग्राम आधी स्वतःची हुबेहूब प्रत काढतो, मग ती प्रत दुसऱ्या प्रोग्रामचं रूप घेते. याला फोर्क म्हणतात, आणि युनिक्सवर ते फार स्वस्त पडतं. म्हणून शेल स्क्रिप्टची सगळी शैलीच अशी: छोटे छोटे प्रोग्राम हाकारायचे, एकाचं उत्पन्न दुसऱ्याला द्यायचं. १९७३ मध्ये डग मॅकइलरॉयच्या आग्रहाने पाइप आला आणि ही शैली पक्की झाली. विंडोजमध्ये मात्र नवा प्रोग्राम पायापासून उभा करावा लागतो. स्वतःची प्रत काढायची सोय तिथे प्रोग्रामांना दिलेलीच नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक शेतकऱ्यामागे चार-पाच प्रोग्राम हाकारले जात. माझ्या लॅपटॉपवर ती डोळ्याचं पातं लवतं तोवर संपे. मिलमध्ये तिला इतका वेळ लागे की मुनीमजी चहा पिऊन येत.

आणि चौथा फरक ओळख पटवण्याचा. विंडोज फाइलचं आडनाव पाहतं: बॅट असेल तर आज्ञांची फाइल, एक्सई असेल तर प्रोग्राम. युनिक्स आडनाव विचारत नाही. ते फाइलची पहिली दोन अक्षरं वाचतं. ती #! अशी असली तर त्यापुढे लिहिलेल्या प्रोग्रामच्या हाती फाइल सोपवतं. ही युक्ती १९८० मधली, डेनिस रिचीची. त्या पहिल्या ओळीच्या शेवटी तेरा घुसला तर युनिक्स 'बॅश' ऐवजी 'बॅश आणि तेरा' नावाचा प्रोग्राम शोधू लागतं आणि तो सापडत नाही म्हणून अडून बसतं. पडद्यावर नाव तर अगदी बरोबर दिसतं. नवशिक्या माणसाला रडू आणणारी यासारखी दुसरी चूक नाही.

यार्डातले हमाल

पहिली मोठी पलटी कॅनडात झाली. वॉटर्लू गावातल्या मॉर्टिस कर्न सिस्टिम्स या कंपनीने १९८५ मध्ये युनिक्सची अवजारं डॉसवर चालतील अशी पुन्हा लिहिली आणि एमकेएस टूलकिट म्हणून विकायला काढली. त्यात डेव्हिड कॉर्नच्या शेलसारखं एक शेलही होतं. ज्यांनी युनिक्सवर हात बसवला होता आणि ज्यांच्या टेबलावर आता पीसी येऊन पडला होता, अशा लोकांनी ते घेतलं.

१९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी आणलं. त्यात आज ज्याला आपण कमांड प्रॉम्प्ट म्हणतो तो होता आणि युनिक्सच्या पॉझिक्स या प्रमाणाची सोयही होती. ही सोय कोणाच्या प्रेमापोटी आली नव्हती. अमेरिकन सरकारच्या खरेदीच्या नियमांत पॉझिक्सची अट होती. टेंडरच्या कागदावर खूण करण्यापुरती ती होती: तिच्यातून नेटवर्क वापरता येत नसे, खिडक्या उघडता येत नसत आणि विंडोजच्या मूळ पेटीत त्यासाठी शेल नव्हता. सरकारी अटीपुरती कामं कशी होतात हे आपल्याला सांगायला नको.

खरी गरज वेगळीकडून आली. नव्वदच्या दशकात पीसी स्वस्त आणि वेगवान होत गेले आणि महागडी युनिक्स यंत्रं वापरणाऱ्या कंपन्यांना तेच काम पीसीवर हवं झालं. पण त्यांचे प्रोग्राम बांधायच्या सगळ्या स्क्रिप्ट शेलमध्ये होत्या. सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीचा धंदा मुक्त सॉफ्टवेअरला आधार देण्याचा. तिथल्या स्टीव्ह चेंबरलेनने १९९५ मध्ये एक वेगळा विचार केला. प्रत्येक अवजार विंडोजसाठी पुन्हा लिहिण्यापेक्षा मधे एकच दुभाषा बसवला तर? अवजाराने युनिक्सच्या भाषेत मागणी करायची, दुभाष्याने ती विंडोजला समजेल अशी सांगायची. हेच सिगविन. फोर्कसाठी त्याला केवढा खटाटोप करावा लागतो पाहा: आधी तोच प्रोग्राम विंडोजच्या रीतीने नव्याने उभा करायचा, मग जुन्याची स्मृती तुकड्यातुकड्याने नव्यात भरायची आणि त्याला पटवायचं की तू त्याचीच प्रत आहेस. पाठीवरून पोती नेणं ते हेच.

मायक्रोसॉफ्टनेही हमाल ठेवले. इंटरिक्स नावाचं पॉझिक्सचं चांगलं रूप बनवणारी सॉफ्टवे सिस्टिम्स ही कंपनी तिने १९९९ मध्ये घेतली; पुढे २००४ पासून ती अवजारं फुकट दिली आणि काही वर्षांनी गुंडाळून ठेवली. या काळातला एक किस्सा स्वतः डेव्हिड कॉर्नने सांगितला आहे. विंडोज एनटीवरच्या एका परिषदेत मायक्रोसॉफ्टचा वक्ता सांगत होता की आमच्या युनिक्स संचात कॉर्न शेल असेल. श्रोत्यांतून एक जण उठून म्हणाला, तुम्ही घेतलंय ते एमकेएसचं, ते खरं कॉर्न शेल नव्हे. वक्ता हटेना. शेवटी दुसऱ्या कोणीतरी उभं राहून वक्त्याला सांगितलं की तुम्ही ज्यांच्याशी वाद घालताय तेच डेव्हिड कॉर्न.

त्यानंतर गिट आलं. २००५ मध्ये लायनस टॉरवाल्ड्सने लिनक्ससाठी लिहिलेल्या या साधनात शेल स्क्रिप्टचा मोठा वाटा होता. २००७ च्या सुमारास ते विंडोजवर आणताना लोकांनी शेलसकट आणलं. माझ्या पिढीच्या बहुतेकांनी विंडोजवर बॅश प्रथम पाहिलं ते असं, गिटच्या पिशवीतून न मागता आलेलं. ते तिरक्या रेघा आपणहून बदलून देतं. म्हणजे तुम्ही सरळ रेघेने सुरू होणारा एखादा पर्याय लिहिलात तर त्यालाही वाट समजून त्यापुढे विंडोजचा अख्खा पत्ता जोडतं. अतिउत्साही हमाल भलत्याच डब्यात पोतं टाकून येतो, तसं.

आम्ही कुठल्या रुळावर शिकलो

आमच्या जिल्ह्यात संगणक म्हणजे विंडोजच. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. माझ्या मावशीपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांनी माउस धरला तो त्या वर्गांत. त्या माउसखाली विंडोज होतं.

इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा शेजारच्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक प्रत्येकाच्या बॅगेत होतं, भारतातल्या लाखो विद्यार्थ्यांच्या बॅगेत असतं तसं. आमच्या लॅबमध्ये त्यातले प्रोग्राम डॉसच्या जमान्यातल्या टर्बो सीवर, निळ्या पडद्यावर चालत. कानेटकरांचंच युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवर दुसरं पुस्तक आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. नागपूरच्या एकाच लेखकाने दोन्ही रुळांवरच्या प्रवाशांना तिकिटं दिली होती. पण लॅबमध्ये शेल शिकायचं तर यंत्र विंडोजचंच. काहींनी सिगविन बसवलं, काहींनी कोपऱ्यातल्या एकुलत्या लिनक्स यंत्राला पुटीने जोडून घेतलं, आणि उरलेल्यांनी आज्ञा आणि त्यांचं उत्तर दोन्ही वहीत उतरवून घेतलं. तिथे मी यार्डातली माणूस झाले. नोकरीतही तेच निघालं. लॅपटॉप विंडोजचा, सर्व्हर लिनक्सचा, आणि मधे मी.

मराठीची पलटी

यात आपल्या लिपीचा एक वेगळा पदर आहे. युरोपच्या भाषांना विंडोजमध्ये आपापली आठ बिटांची अक्षरपत्रकं होती, काळ्या खिडकीत त्यांचं भागून जाई. देवनागरीला विंडोजने असं पत्रक दिलंच नाही. विंडोज २००० मध्ये ती आली ती थेट युनिकोडमधून, र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फाँट घेऊन. पण एनटीने १९९३ मध्येच सोळा बिटांचा मार्ग धरला होता. युनिक्सच्या जगाने दुसरा धरला: १९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडलेला यूटीएफ-८. एका 'ध'ला विंडोजच्या रीतीत दोन बाइट, युनिक्सच्या रीतीत तीन. इथेही दोन गेज.

मिलमध्ये याचा परिणाम असा होता की रिपोर्टची फाइल नीट उघडे, पण स्क्रिप्ट चालताना काळ्या खिडकीत शेतकऱ्यांच्या मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन धावत. मुलाने मला विचारलंही होतं, हे काय आहे? मी म्हटलं, काही नाही, दुर्लक्ष कर. चौकोन म्हणजे काहीतरी बिघडलेलं, ही त्याची समजूत मीच पक्की केली होती. नंतर फोल्डरच्या नावात चौकोन दिसला तेव्हा त्याने दुर्लक्ष केलं नाही.

रूळ बदलला, पण

२०१६ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज १० मध्ये उबुंटूचं बॅश जसंच्या तसं चालेल. मी तेव्हा कॉलेजात होते. होस्टेलमध्ये कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. सिगविनसाठी अवजारं नव्याने बांधून घ्यावी लागत. इथे लिनक्सचे प्रोग्राम न बदलता चालणार होते, आणि त्यांच्या मागण्या विंडोजचा गाभा स्वतः समजून घेणार होता. २०२० च्या मे महिन्यात दुसरी आवृत्ती आली. तिच्यात दुभाषाही नाही. खराखुरा लिनक्सचा गाभा विंडोजच्या पोटात एका आभासी यंत्रावर चालतो. आज कमांड प्रॉम्प्टमध्ये डब्ल्यूएसएल असं लिहून पुढे स्क्रिप्टचं नाव दिलं की ती चालते. फोर्क खरा आहे आणि वेगही.

दरम्यान २०१८ मध्ये आणखी एक बातमी आली, जिला फारसं कोणी विचारलं नाही. नोटपॅडला नुसत्या दहाने संपणारी ओळ कळू लागली. नोटपॅड तेव्हा तीस वर्षांहून जुना होता.

हे गेज बदलणं आहे का? मला तसं वाटत नाही. आमच्याकडे या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया-बालाघाट मार्ग ब्रॉडगेज झाला, २०१५ मध्ये जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी थांबली आणि पुढच्या काही वर्षांत सलग मोठा रूळ झाला. तिथे जुना रूळ उखडला. विंडोजमध्ये मात्र दुसरा रूळ पहिल्याच्या शेजारी टाकला आहे. लिनक्सच्या बाजूने विंडोजच्या फोल्डरमध्ये हात घातला की वेग अजून मंदावतो. आणि एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याने उघडली की तेरा आहेच. त्यात मिलसारख्या हजारो ठिकाणी विंडोज ७ अजून चालू आहे, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं.

नऊ दिवसांचं धान आम्ही कागदावरून परत उभं केलं. मिलने गावोगाव निरोप पाठवला, आणि लोक पावत्या घेऊन आले. कोणी पाकिटातून काढली, कोणी सातबाऱ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली. मी कॉम्प्युटरपुढे बसून एकेक आकडा भरत होते. एका म्हाताऱ्या बाबांची पावती खिशातच धुतली गेली होती. कागदाचा लगदा त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता उभे राहिले. त्यांच्या हिवाळ्याची कमाई त्या लगद्यात होती. माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

मुनीमजींनी गल्ल्याखालून लाल वही काढली. "थांबा ताई, मशीनचं मशीनपाशी राहू द्या. वहीत पाहू." गाडी आत आली की ते कोणाला न सांगता तिच्यात एक ओळ लिहून ठेवत: तारीख, नाव, पोती, वजन. बाबांची ओळ होती. त्यांनी बोट ठेवून दाखवली, बाबांनी मान हलवली.

स्क्रिप्टमध्ये मी एक ओळ वाढवली: वाचलेल्या प्रत्येक मजकुरातून आधी तेरा काढून टाकायचा. दुसरं म्हणजे फाइली हलवणं बंद केलं, फक्त प्रत काढते. मूळ फाइल काट्यापाशीच राहते. मुलाला समोर बसवून चौकोन म्हणजे काय ते सगळं सांगितलं, टाइपरायटरपासून. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हे आधी सांगायला हवं होतं. खरं होतं ते.

घरी आल्यावर आजोबांना विचारलं, पलटी करताना माल हरवायचा का? ते म्हणाले, हरवायचा की. म्हणून इकडे उतरवताना एकदा पोती मोजायची आणि तिकडे चढवताना पुन्हा एकदा मोजायची. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

स्क्रिप्टच्या शेवटी आता तीही एक ओळ आहे.